लाईट घेतल्यानंतर जबड्याचं हाड मेलंय म्हणतात, पायाचं हाड काढून बसवायचं – कुणाच्या घरी झालंय का हे ऑपरेशन?

खानापूरचा_शेतकरी:
नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातले, बाबांचं वय साठीच्या आसपास, भातशेती. सहा-सात वर्षांमागं त्यांना गालाच्या आत कॅन्सर झालेला, ऑपरेशन झालं, मग हुबळीला राहून लाईट, म्हणजे रेडिएशन, घेतली, सगळं बरं होऊन बाबा परत शेतात जाऊलालते. गेल्या वर्षी खालची दाढ हलायला लागली, लई दुखायची म्हणून जवळच्या एका दवाखान्यात काढून घेतली, तिथं आधी लाईट घेतली होती का असं कुणी विचारलंच नाही. ती जखम अजून भरलेली नाही. आत पिवळट हाड उघडं दिसतंय, जीभ लागली की खरबरीत लागतंय म्हणतात, हनुवटीखाली बारीक भोक पडून त्यातनं पू येतोय, आणि तोंड जेमतेम एक बोट उघडतंय. आमटीत भात कालवून तेवढाच गिळूलालेत, वजन लई उतरलंय.

आता डॉक्टर म्हणतात जबड्याच्या त्या बाजूचं हाड मेलंय, कापून काढून पायाचं हाड तिथं बसवायला पाहिजे. बाबा एकच बोलतात, तोंडासाठी पाय कशाला तोडायचा, चिखलात कसा उतरू मग. आणि आईला वाटतंय कॅन्सरच परत आलाय, डॉक्टर आपल्याला सांगत नाहीत. ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवून बरं होतं असं पण कुणीतरी सांगितलं. ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी खरं काय ते सांगा, कडू असलं तरी चालेल.

निपाणीची_अक्का:
दादा, माझ्या धाकट्या भावाचं हेच ऑपरेशन झालंय. तो इथं तंबाखूच्या वखारीत कामाला, तंबाखू-चुना कायम तोंडात. त्याचा तर जबडा भाकरी खाताखाता मोडला, इतकं हाड पोकळ झालेलं.

ऑपरेशनला सकाळी आत घेतलं ते रात्रीच बाहेर आणलं. दोन टीम असतात, एक तोंडातलं मेलेलं हाड काढते आणि दुसरी त्याच वेळी पायातलं हाड काढत असते, नुसतं हाड नाही हं, त्याची रक्तवाहिनी आणि वरची कातडी पण सोबत, आणि ती रक्तवाहिनी मायक्रोस्कोपखाली मानेतल्या रक्तवाहिनीला जोडतात. हाडाचे तुकडे करून जबड्याच्या आकारात टायटॅनियमच्या पट्टीवर स्क्रूनं बसवतात. पहिले दोन-तीन दिवस सगळा जीव त्या जोडावर. नर्स तासातासाला येऊन टॉर्च मारून तोंडातल्या त्या कातडीचा रंग बघायची, बोट लावून गरम आहे का बघायची, डॉप्लरचं पेन टेकवून आत रक्त वाहतंय का त्याचा आवाज ऐकायची. कातडी जांभळी पडली म्हणजे रक्त परत जायला वाट नाही, पांढरी पडली म्हणजे रक्त येतच नाही. भावाची एका रात्री जांभळट दिसली, ती नर्स पोरगी पळत जाऊन डॉक्टरला घेऊन आली, लगेच परत आत नेलं, रक्ताची गुठळी काढली आणि फ्लॅप, म्हणजे पायातनं आणून बसवलेला हाड-कातडीचा तुकडा, वाचला. त्या पोरीला आमच्या घरात अजून दुवा देतात.

गळ्याला भोक पाडून नळी घालतात, त्यामुळं सुरुवातीला बोलता येत नाही. हे आधीच बाबांना सांगून ठेवा, नाहीतर शुद्धीवर आल्यावर माणूस घाबरून नळी ओढायला बघतो. भाऊ पाटीवर मराठीत लिहायचा आणि रात्रपाळीच्या नर्सला फक्त कन्नड वाचता यायचं, मग वहिनीनं पुठ्ठ्याची कार्डं केली, एका बाजूला मराठी एका बाजूला कन्नड: पाणी, दुखतंय, कफ काढा, लघवी, कूस बदला. बोटानं दाखवलं की झालं. ही कार्डं जायच्या आधीच करून घ्या, लई उपयोगी पडतात.

जेवण नाकातल्या नळीनं, काही आठवडे. आम्ही डॉक्टरांना विचारून नाचणीची आंबील पातळ करून मलमलच्या फडक्यातनं गाळून द्यायचो, मुगाचं कढण, दूध, प्रोटीन पावडर. गाळलं नाही तर नळी तुंबते. दिल्यावर पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा तास तरी बसवूनच ठेवायचं, लगेच आडवं केलं की छातीत जायची भीती. चेहऱ्याची सूज उतरायला महिने जातात, सुरुवातीला बघवत नाही, घरातल्या पोरांना आधी फोटो दाखवा आणि मग भेटायला न्या.

दातांचा_डॉक्टर_बेळगाव:
मी दंतवैद्य आहे, बाबांना तपासलेलं नाही त्यामुळे सर्वसाधारण सांगतो.

याला ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात. रेडिएशनमुळे कॅन्सरच्या पेशींबरोबर हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि जिवंत पेशी पण मरतात, त्यामुळे साधी दाढ काढल्याची जखमही भरून काढायची ताकद हाडात राहत नाही. खालच्या जबड्यात हे जास्त होतं कारण तिथलं हाड घट्ट आणि रक्तपुरवठा मुख्यतः एकाच धमनीवर. हाडाला ६० ग्रेच्या (ग्रे म्हणजे लाईटच्या डोसचं माप) वर डोस गेला असेल तर धोका जास्त, आणि हा धोका दोन-चार वर्षांत संपत नाही, जन्मभर राहतो. म्हणून लाईट घेतलेल्या माणसानं दात काढायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये, आणि ज्यांची लाईट अजून सुरू व्हायची आहे त्यांनी खराब दात दोन-तीन आठवडे आधी काढून घ्यावेत म्हणजे जखम भरायला वेळ मिळतो. आपल्या भागात हे सांगणारा कुणी भेटत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण अशा पेशंटचे कितीतरी जबडे वाचू शकतात.

आईंच्या शंकेबद्दल. लक्षणं दोन्हींची सारखीच असू शकतात, त्यामुळे त्यांची भीती चुकीची नाही. बायोप्सी आणि सीटी केल्याशिवाय कुणीही ठामपणे सांगू नये. रिपोर्टमध्ये कॅन्सर नाही असं आलं तर तो कागद आईंना समोर बसून वाचून दाखवा.

सुरुवातीच्या टप्प्यात असेल तर सर्जरी लागत नाही, जखम साफ ठेवणं, अँटिबायोटिक, क्लोरहेक्सिडिननं गुळण्या, पेंटॉक्सिफायलिन आणि व्हिटॅमिन ई अशी औषधं देऊन बघतात. पण कातडीला भोक पडून पू बाहेर येतोय, हाड आरपार खराब झालंय किंवा मोडलंय तर गोळ्यांनी ते हाड जिवंत होणार नाही. ऑक्सिजन चेंबरचं म्हणाल तर २००४ मध्ये फ्रान्समध्ये ट्रायल झाली त्यात उपचार म्हणून फायदा दिसला नाही. २०१९ मध्ये ब्रिटनची होपॉन ट्रायल आली, त्यात लाईट घेतलेल्यांना जबड्याच्या छोट्या सर्जरीला चेंबर दिलेल्यात ६.४ टक्के आणि न दिलेल्यात ५.७ टक्के लोकांना हा त्रास झाला, म्हणजे फरक नाहीच. तुम्ही सांगताय त्या अवस्थेत त्यावर पैसा आणि महिने घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत.

जबड्यासाठी पायाचं हाड १९८९ पासून वापरतात, नवीन प्रयोग नाही. शंभरात नव्वदच्या वर फ्लॅप जगतात. मात्र लाईट घेतलेल्या मानेतल्या रक्तवाहिन्या नाजूक असतात, म्हणून जिथं असे केस नेहमी होतात तिथंच करा. बेळगावचं केएलई, धारवाडचं एसडीएम, मुंबईचं टाटा, जिथं जाल तिथं सरळ विचारा की मायक्रोव्हॅस्क्युलर फ्री फ्लॅप, म्हणजे रक्तवाहिनी जोडून हाड बसवायचं हे ऑपरेशन, तुमच्याकडे किती वेळा होतं आणि रात्री फ्लॅप बिघडला तर परत थिएटरात न्यायला टीम हजर असते का.

वडगावची_मागवाली:
मी स्वतः पेशंट आहे म्हणून पायाचं मी सांगते. पाय तोडत नाहीत हो दादा, बाबांना हे नीट समजवा. गुडघ्याखाली दोन हाडं असतात, वजन पेलते ती नडगी, तिला हात लावत नाहीत. बाहेरच्या बाजूचं बारीक हाड असतं त्यातला मधला भाग काढतात आणि गुडघ्याजवळचा नि घोट्याजवळचा तुकडा तसाच ठेवतात म्हणजे घोटा पक्का राहतो. आधी पायाची सीटी अँजिओ करून रक्तवाहिन्या बघतात, त्यात काही गडबड दिसली तर दुसरा पाय नाहीतर खांद्याचं हाड घेतात.

मला खरं दुखलं ते जबड्यात नाही, मांडीवर जिथनं साल काढून पोटरीवर लावलं तिथं, आगच आग. पोटरीवरची साल चिकटेपर्यंत पाय टेकवू देत नाहीत, मग वॉकर, मग काठी. फिजिओथेरपीवाल्या मॅडम घोटा वरखाली करायला लावायच्या, डोळ्यातनं पाणी यायचं तरी केलं. आता मी मागावर उभी राहून काम करते. राहिलंय ते एवढंच की पावलाचा वरचा भाग बधिर आहे आणि अंगठा पूर्ण वाकत नाही, खडबडीत वाटेवर खाली बघून चालावं लागतं, संध्याकाळी घोटा सुजतो. चिखलात लगेच जमेल असं मी म्हणणार नाही, एक हंगाम तरी बांधावरनंच बघू दे बाबांना.

आणि तोंड उघडायचा व्यायाम. डॉक्टर हो म्हणतील त्या दिवसापासून एक दिवस सोडायचा नाही. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातात धरायच्या आणि हळूहळू एकेक वाढवायची. लाईटनं गालाचे स्नायू चिवट होतात, ते नुसत्या ऑपरेशननं सुटत नाहीत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तोंडात आता पायाची कातडी आहे त्याला बारीक केस येतात, पहिल्यांदा जिभेला लागले तेव्हा मी रडले, पण डॉक्टर म्हणाले होतं असं, काढून टाकता येतात. त्या बाजूला दात नाहीत, इम्प्लांटचं बघू म्हणालेत. मऊ भात, इडली, दुधात कुस्करलेली भाकरी, एवढं मी चारचौघांत बसून खाते आणि मला त्याचं लई समाधान आहे.

चिकोडीकर:
पैशाचं थोडक्यात सांगतो. बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमधनं कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण खासगीत जायचं तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, तेवढं केल्याशिवाय अ‍ॅडमिट होऊ नका. आणि महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये महात्मा फुले योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केलीय, तुमचं गाव त्यात आहे का बघा, मिरज-कोल्हापूरला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला कागद कोणते लागतात ते फोनवर विचारूनच निघा. दोन्ही राज्यांच्या मध्ये आपली फरफट होते ती होतेच, पण कागद पुरे असले तर काम होतं.

खानापूरचा_शेतकरी:
सगळ्यांचे लई उपकार. वडगावच्या ताईंचं बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं, नडगीला हात लावत नाहीत हे ऐकून त्यांनी स्वतःची पोटरी चाचपून बघितली आणि परत एकदा वाच म्हणाले. बायोप्सीला होकार दिलाय. आई म्हणते रिपोर्ट आला की मग पुढचं बोलू. तंबाखू आता पूर्ण बंद आहे, पण अधनंमधनं बिडी ओढतात, ती ऑपरेशनच्या किती आधी सोडावी लागते?

दातांचा_डॉक्टर_बेळगाव:
आजपासून. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि तुमचं सगळं ऑपरेशन एका बारीक रक्तवाहिनीवर उभं राहणार आहे. निदान महिनाभर आधी सुटलेली पाहिजे आणि नंतर परत नाही. जाताना जुनी फाईल न्या, त्यात लाईट किती ग्रे आणि कुठल्या बाजूला दिली तो कागद असतो, नसेल तर जिथं लाईट घेतली तिथं जाऊन डिस्चार्ज समरीची कॉपी मागा, सर्जन पहिला तोच मागतील.