उपाशीपोटी लसूण आणि ‘नसा साफ’: कुणाला पटतं?

फोडणीवाली: बाबा (६८) रोज पहाटे लसणाच्या २ पाकळ्या पाण्याबरोबर गिळतात. ‘नसा साफ होतात’ असा व्हॉट्सॲपी निरोप आला आणि परवापासून बीपीची गोळी बंद. माझं मत : लसूण फोडणीतच बरा.

रानवाटा: फोडणीतच? अहो, आयुर्वेदात याला ‘रसोन’ म्हणतात, सहा रसांपैकी (चवींपैकी) एक आंबट तेवढा उणा! काश्यपसंहितेत लसणावरचा अख्खा अध्याय, लशुनकल्प, आहे. तेही जुनंपुराणं वाटत असेल तर उदयपूरच्या बोर्डियांचं लसणाच्या तेलावरचं काम १९७३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. आणि तुमचे बाबा सबंध पाकळी गिळतात, तिथेच चुकतं. पाकळी ठेचली की तिच्यातल्या ॲलिन या घटकाचं ॲलिसिन होतं, तो झणका त्याचाच. ठेचून १० मिनिटं ठेवायची. लगेच तव्यावर टाकलीत तर ते घडवणारं एन्झाइमच मरतं.

आकडेमोड: छान. पण स्टॅनफर्डवाल्यांनी २००७ साली १९२ जणांवर ६ महिने प्रयोग केला. काहींना कच्चा लसूण, काहींना दोन प्रकारच्या गोळ्या, काहींना नुसतंच खोटं औषध. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, कुणाचंच हललं नाही. ‘साफ’ काय झालं मग?

रानवाटा: तो कोलेस्टेरॉलचा प्रयोग, आपण बोलतोय बीपीवर! लसणातल्या गंधकाच्या संयुगांपासून तांबड्या पेशी हायड्रोजन सल्फाइड बनवतात, त्याने रक्तवाहिनीची भिंत सैलावते. बीपीवाल्यांत वरचा आकडा सरासरी आठेकने उतरलेला दिसलाय.

आकडेमोड: बरं, हे मान्य. पण त्यातल्या बऱ्याच चाचण्या लहान आणि मोजून-मापून केलेल्या कॅप्सूलच्या. पाकळी कोण मोजतंय? शिवाय सैलावणं वेगळं, साचलेलं विरघळणं वेगळं.

दाढदुखी: माझं ऐका. दाढ काढायच्या आदल्या आठवड्यात रोज ४ पाकळ्या चावत होते. रात्री अकरापर्यंत बोळे बदलले, उशीचा अभ्रा लाल. लसणाने प्लेटलेट कमी चिकटतात, हे दातवाल्यांनी नंतर सांगितलं. आधी त्यांनीही विचारलं नाही, मीही बोलले नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगाच.

रानवाटा: गोळी बंद करा असं मी कुठे म्हटलं?

फोडणीवाली: आज सकाळी मशीनवर १६८/९६. गोळी परत चालू केली. बाबांच्या मते लसूणच जुना होता, नवी माळ आणायला निघालेत.