शोभेच्या झाडांवरची कीड : तुम्ही काय केलंत?

पाऊस सरला आणि ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसू लागतो. कोवळी पानं आवळून गोळा होतात, कळ्या उमलायच्या आधीच गळतात. हा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. कुंडीतल्या झाडांवर मावा, फुलकिडे, खवले कीड, अळ्या असं बरंच काही येतं. त्यावर तुम्ही काय केलंत ते इथे लिहा. नुसतं 'कडुनिंबाचं तेल मारा' एवढंच नको. किती घेतलं, कोणत्या वेळी फवारलं आणि झाडाचं पुढे काय झालं, तेही सांगा.

ठाणे, सातव्या मजल्यावरची गॅलरी
माझं म्हणणं, आधी मुंग्या बघा. पिठ्या ढेकूण रस शोषतो आणि मागे चिकट गोड पाझर सोडतो. तो खायला मुंग्या येतात आणि ढेकणांना खाणाऱ्या किड्यांना हुसकून लावतात. त्याच चिकट्यावर पुढे काजळीसारखी काळी बुरशी धरते. आजी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, तशी मी कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेच्या तुकड्यांवर उभी केली. फांद्या भिंतीला किंवा गजांना टेकू द्यायच्या नाहीत, नाहीतर मुंग्या तिथून पूल करतात. ताटलीतलं पाणी वरचेवर बदलते, डासांचं भय असतं. मुंग्या थांबल्यावर फवारणीचा गुण दिसायला लागला.

पुणे
ताईंशी सहमत. फवारणीचं माझं प्रमाण असं : एक लिटर कोमट पाण्यात आधी थोडा पातळ साबण ढवळायचा, मग 5 मिली कडुनिंबाचं तेल घालून पुन्हा ढवळायचं. साबण नसला तर तेल वर तरंगतं आणि पानं भाजतात. ऊन उतरल्यावरच फवारायचं आणि पानांच्या खालून फवारायचं, कारण कीड तिथेच लपते. पण त्याआधी पाण्याचा जोरदार फवारा मारून ढेकूण पाडून घ्या. त्यांच्या अंगावर मेणाचा थर असतो, त्यावरून औषध ओघळून जातं. फर्नसारख्या नाजूक झाडावर आधी एकदोन पानांवर करून बघा.

नाशिक, शेतीचं शिक्षण घेतलेला
एक गोष्ट कळकळीने सांगतो. ढेकणांच्या घोळक्यात त्यांच्याहून मोठा, अंगावर पांढऱ्या लोंबत्या झिपऱ्या असलेला आणि तुरुतुरु चालणारा किडा दिसला तर त्याला हात लावू नका. ती क्रिप्टोलीमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात 1898 साली आणला गेला. तो मिलीबगची अंडी आणि पिल्लं खातो. लोक 'केवढा मोठा मिलीबग' म्हणून नेमका त्यालाच चिरडतात. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, ही अळी मात्र धावते. एवढी खूण पुरे.

मित्रकिडा काय करू शकतो ते पपईवरच्या मिलीबगने दाखवलं. तो 2008 मध्ये कोइम्बतूरला प्रथम सापडला आणि पपईबरोबर जास्वंद, चाफ्यावरही पसरू लागला. रासायनिक औषधं मारून तो काही आटोक्यात येईना. 2010 मध्ये पोर्तो रिकोहून अ‍ॅसेरोफॅगस पपाई ही टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी आणून सोडली, तेव्हा त्याला उतार पडला. म्हणून गॅलरीत ऊठसूट जालीम विष मारू नका, आधी हे मित्र मरतात.

कोल्हापूर
तगरीची पानं रातोरात फस्त, खाली फरशीवर काळ्या टपोऱ्या लेंड्या आणि झाडावर काहीच नाही? लेंड्या जिथे पडल्यात त्याच्या बरोबर वर बघा. बोटाएवढी हिरवी अळी देठाला चिकटलेली असते. पाठीवर निळेपांढरे डोळे, शेपटाशी काटा. ही कण्हेरीवरच्या मोठ्या पतंगाची अळी, अडेनियमवरही येते. चावत नाही. मी काडीवर घेऊन लांबच्या कण्हेरीवर सोडते. एखाद्या अळीसाठी औषध कशाला?

नागपूर
अडेनियम मलूल आणि वर कीड नाही, तर कुंडी उलटी करा. मुळांना पांढरा कापूस दिसला तर मिलीबग मातीत आहे. मुळं धुऊन, सावलीत सुकवून, नव्या मातीत आणि स्वच्छ कुंडीत लावायचं. लगेच पाणी घालायचं नाही. जुनी माती दुसऱ्या कुंडीत अजिबात टाकू नका.

न्यू जर्सी
इथे थंडी पडायच्या आत जास्वंद घरात घ्यावी लागते. पाठीमागच्या अंगणात पाण्याने नीट धुऊन, पानं खालून पुसून मगच आत आणतो. खिडकीशी पिवळे चिकट सापळे लावले आहेत, त्यावर पांढरी माशी चिकटते. तरी हिवाळ्याच्या शेवटी ती पुन्हा दिसतेच. खिडक्या बंद आणि घरात रांगणारं बाळ आहे, त्यामुळे आत फवारणी नको वाटते. कुणी अशा वेळी काय केलंय?