मदत हवी आहे : बाबांच्या करंगळीला मुंग्या, कोपराचं ऑपरेशन करावं का?

नमस्कार मंडळी. बाबा हुपरीत चांदीच्या पैंजणांचं काम करतात, दिवसभर डावं कोपर टेकलेलं. करंगळी आणि शेजारच्या बोटाचा करंगळीकडचा अर्धा भाग बधिर असतो, रात्री हात दुमडून झोपले की जास्तच. घरचे सगळे ‘मानेचं असेल’ म्हणत होते.

डॉक्टर म्हणतात अल्नर नस कोपराशी दबली आहे. कोपर आपटलं की झिणझिण्या येतात ती हीच, आतल्या बाजूच्या हाडामागून जाते. अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला लावून ओढला, तर बाबांचा अंगठा टोकाशी वाकला. म्हणजे पंजाचे स्नायूही कमजोर झालेत, आणि मला भीती याचीच वाटते.

सध्या रात्री कोपर फार दुमडू नये म्हणून पट्टा, आणि एनसीव्ही (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी) तपासणी सांगितली आहे. नाहीतर ऑपरेशन : नस मोकळी करायची किंवा पुढे सरकवायची. इजा झालेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर पुन्हा वाढते म्हणे, म्हणजे कोपरापासून पंजात ताकद यायला कित्येक महिने.

सीपीआरमध्ये (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) एनसीव्ही होते का? कोल्हापुरात हाताचे चांगले सर्जन कोण? ऑपरेशननंतर कुणाला बारीक काम परत जमलं का? मालिशचं तेल कृपया सुचवू नका, गल्लीने आधीच बाटल्या पोचवल्यात.