हॉट रॉडची बॉडी घरी ठोकायची की तयार आणायची?

ट्रॉयवाला
परवा 'स्पॅनर' यांनी दुसऱ्या धाग्यात फर्मान काढलं: "घरी पत्रा ठोकून हॉट रॉडची बॉडी बनवणं हा शुद्ध रिकामटेकडेपणा. तयार स्टील बॉडी आणा, नाहीतर फायबरची. शेवटी लांबी भरली की सगळं सारखंच दिसतं." शेवटचं वाक्य वाचून चहा कडू झाला, म्हणून हे लांबण. (नवख्यांसाठी: हॉट रॉड म्हणजे वेगासाठी बदललेली जुनी गाडी, आणि लांबी म्हणजे पत्र्यावरचे खड्डे बुजवायची पुट्टी.)

मी मिशिगनमध्ये राहतो. १९३२च्या फोर्ड रोडस्टरची बॉडी गेले तीन हिवाळे गॅरेजमध्ये ठोकतोय. पत्रा १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी. आठ बाय चारची एक शीट जवळजवळ २९ किलो भरते, एकट्याने उचलून बघा. आधी प्लायवूडचा फर्मा, त्यावर कागदाचे नमुने, मग कातर, मग लाकडी मोगरी नि वाळूची पिशवी, शेवटी इंग्लिश व्हील, म्हणजे दोन चाकांमधून पत्रा फिरवून गोलवा देणारं यंत्र. मागच्या चाकावरचा तो गोलवा पहिल्यांदा जमला तेव्हा बायकोला रात्री साडेअकराला उठवून दाखवला. तयार बॉडीत हे कुठून आणणार?

आणि हॉट रॉड मुळात गरजेतूनच आला. तीसच्या दशकात कॅलिफोर्नियातली पोरं भंगारातली फोर्डची मॉडेल टी, मॉडेल ए उचलायची, मडगार्डं उपटून फेकायची आणि म्युरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर पळवायची. १९३२ला फोर्डने साध्या माणसाला झेपेल असं आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन काढलं, ६५ हॉर्सपॉवरचं, आणि मग विचारूच नका. बॉडी पेटाऱ्यात घालून घरपोच मागवणारे तेव्हा नव्हते.

स्पॅनर
इतिहास छान. पण साहेब, त्या पोरांनी बॉडी ठोकली कुठे? फोर्डनेच कारखान्यात दाबून काढलेली बॉडी भंगारातून उचलली. म्हणजे तयारच की! तुमचाच दाखला तुमच्यावर उलटला.

ओहायोत ब्रुकव्हिलला १९३२ची नवी स्टील बॉडी मिळते, तुमच्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. टिग वेल्डिंगचं मशीन, व्हील, पत्रा आकसवायचं-ताणायचं श्रिंकर-स्ट्रेचर यांची बेरीज करून सांगा, मग हौस म्हणा. आणि तीन हिवाळ्यांत दारं बसली का? गोलवा कोणीही काढतो हो. दाराची फट वरपासून खालपर्यंत सारखी ठेवून दाखवा.

उद्यमनगरी
कोल्हापुरातनं बोलतोय. दोघंबी मुद्द्याचं सोडून भांडायलाय. पत्रा कुठला ते आधी सांगा की. सीआर, म्हणजे कोल्ड रोल्ड, म्हणजे झालं का? त्यात डी, डीडी, ईडीडी अशा जास्त-जास्त ताणता येणाऱ्या प्रती असत्यात, त्यातली कुठली? खोल गोलवा काढायचा तर ईडीडी पायजे, साधा डी ताणला की कडंला फाटतो. आणि जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, घरात वेल्ड करू नका, जस्ताच्या धुरानं रात्री हुडहुडी भरती. मी अनुभवलंय, दोन गोधड्या घेऊन पडलो हुतो.

आता लांबीचं. गेल्या साली पुतण्यासाठी जुनी गाडी घेतली. रंग आरशासारखा. घरी आणल्यावर पोरानं फ्रीजवरचं चुंबक दाराला लावलं, ते घसरत खाली आलं. खरवडलं तर बोटभर लांबी! खाली पत्रा गंजून चाळण. म्हणून "लांबी भरली की सगळं सारखंच" असं कोण म्हणलं की माझं डोस्कं फिरतं.

स्पॅनर
तुम्हाला दलालाने गंडवलं, त्यात लांबीचा काय दोष? एक-दोन मिमी लांबी सगळेच भरतात.

आरटीओ_त्रस्त
तुमचं अमेरिकेत चालतं हो. इथे सुप्रीम कोर्टाने २०१९च्या जानेवारीत सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत बदल चालणार नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. मी जीपला मागे फक्त...

उद्यमनगरी
तुमच्या जीपचा येगळा धागा हाय, तिथं जावा. तिथं बी हेच लिवलंय तुम्ही.

ट्रॉयवाला
इथेही मोकळं रान नाही. 'असेंबल्ड व्हेइकल' (जोडून बनवलेली गाडी) म्हणून टायटल, म्हणजे मालकीचा कागद, घ्यावं लागतं, त्याआधी पोलीस येऊन तपासतो.

स्पॅनर, भंगाराचा मुद्दा मान्य. अर्धा. लांबीचा अजिबात नाही. माझा मागचा पॅनल दोन तुकड्यांत आहे. इंचाइंचावर टाके मारले, घाईत एका दमात वेल्ड ओढलं. गार झाल्यावर बोटाने दाबलं की टक्क करून आत, सोडलं की टक्क करून बाहेर, डालड्याच्या डब्याच्या झाकणासारखं. वेल्ड गार होताना आकसतं, शेजारचा पत्रा ओढून घेतं. त्यावर लांबी भरली असती तर कोणाला कळलं नसतं. मी चार शनिवार खाली डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून तो सांधा ठोकत बसलो, आकसलेलं परत पसरेपर्यंत. आता हात फिरवा, सांधा सापडला तर बॉडी तुमची.

कसबापेठी
अहो, हेच तर मठारकाम! आमच्या तांबट आळीत पिढ्यान्पिढ्या हेच चालतं. हंडा घडवला की शेवटी गुळगुळीत हातोडीने शेजारी शेजारी ठोके मारतात. धातू बसतो, कडक होतो, वर चकाकी येते. आजोबा म्हणायचे, ठोका डोळ्याने नाही, कानाने मारायचा. खाली पोकळ असेल तर आवाज बदलतो. तुमच्या डॉलीलाही तेच लागू.

स्पॅनर
आता हंड्यावर आलो. पुढे पळी-पंचपात्र. तांबं लाल करून पाण्यात टाकलं की लोण्यासारखं मऊ होतं, पोलादाशी त्याची तुलना करताय?

कसबापेठी
तुलना धातूची नाही, हाताची केली. आणि हंड्याला लांबी भरून चुलीवर ठेवून बघा, कोण खरं ते पाणी तापायच्या आत कळेल.

उद्यमनगरी
😂 जिंकलं पेठकर. फकस्त एक, ट्रॉयवाले, सांधा टिगनं मारला म्हणून ठोकता आला. मिगचा, म्हणजे तारेच्या वेल्डिंगचा असता तर कडक असता, हातोडी उडाली असती.

स्पॅनर
हसा. पण डेट्रॉईटच्या कारखान्यांतसुद्धा सांध्यांवर शिसं भरायचे. तुमच्या त्या पूजनीय जुन्या कस्टम गाड्यांना 'लेड स्लेड' का म्हणायचे? शिशाने लडबडलेल्या असायच्या म्हणून. शिसं म्हणजे त्या काळची लांबीच. की जुनं झालं की सोवळं होतं?

ट्रॉयवाला
...हे मात्र बरोबर बोललात. लिहिताना बोटं दुखली, पण बरोबर.

स्पॅनर
स्क्रीनशॉट काढून ठेवतो. आता दारांचं बोला. तीन पोस्टी झाल्या, टाळताय.

ट्रॉयवाला
डावं बसलं. उजवं वर तीन मिमी, खाली सात. बिजागरीचा खांब पुन्हा कापतोय.

उद्यमनगरी
कापू नगा! आधी बॉडी चेसीला बोल्टनं आवळून मग फट मोजली का? मोकळ्या बॉडीवर मोजलं की असंच दिसतं.

ट्रॉयवाला
नाही मोजली. ग्राइंडर खाली ठेवलाय.