सिगारमधला रंग आणि इसेन्स ओळखायचा कसा? भेट द्यायची आहे

म्हापशेकर:
पुढच्या महिन्यात मामाची साठी. बोटीवर होता तेव्हापासून शनिवारी रात्री एक सिगार, ही त्याची सवय. म्हटलं, भेट तीच द्यावी. किनाऱ्याकडच्या एका दुकानात दोन प्रकार दाखवले. एक काळाकुट्ट, नुसता हातात धरला तर बोटांना रंग. दुसरा व्हॅनिलाचा, त्याचं टोक ओठाला गोड लागतं म्हणून दुकानदार कौतुक करत होता. शिवाय काचेच्या झाकणाच्या पेटीत 'कोहिबा', तेही भाव पाडून द्यायला तयार. मला यातलं ओ की ठो कळत नाही. रंग मारलेला माल ओळखायचा कसा आणि त्याऐवजी घ्यायचं काय? बजेट पाच हजार.

कुळागर:
काचेचं झाकण दिसलं की तिथून उठायचं. कोहिबा हा क्यूबाचा नावाजलेला ब्रँड, तो काचेच्या पेटीत येतच नाही. क्यूबातल्या खऱ्या पेटीवर हिरवट सरकारी पट्टी असते, २०१० पासून तिच्यावर होलोग्रामही असतो, आणि तळाला 'आबानोस एस.ए.' या तिथल्या सिगार कंपनीचा डागलेला शिक्का. बाकीचं बोटीवरचा सांगेल, तो या विषयातला पंडित.

बोटीवरचा:
पंडित वगैरे काही नाही. म्हापशेकर बाब, नुसता काळा रंग बघून डाय म्हणू नका. मादुरो नावाचं वरचं पान काळपटच असतं. कनेक्टिकट ब्रॉडलीफ किंवा मेक्सिकोच्या सान आंद्रेस खोऱ्यातलं जाड पान ढीग रचून, ओलावा आणि उष्णतेत महिनोन्महिने आंबवतात. त्यात ते काळवंडतं आणि जरा गोडसर होतं. ज्याला तेवढा धीर नाही, तो तंबाखूचे देठ उकळून काढलेलं पाणी पानाला फासतो, त्याला बेतून म्हणतात. भिरंडाची, म्हणजे कोकमाची, सोलं त्याच फळाच्या रसात पुन्हापुन्हा भिजवून काळी करतात, तसला प्रकार. निदान तंबाखूचंच तंबाखूला लावलेलं असतं. त्याच्या खालची पायरी म्हणजे सरळ खाद्यरंग.

ओला पांढरा टिश्यू पानावरून हलकेच फिरवा. फिकट तपकिरी डाग पडणारच, तो पानाचा. काळा किंवा लालसर रंग भरपूर उतरला तर संशय घ्या. मग शिरा बघा. खऱ्या पानात रंग कुठे गडद, कुठे फिका असतो, शिरा उठून दिसतात. रंगवलेलं पान शिरांसकट एकसारखं काळं. पेटवायच्या टोकाशी पानाची कड किंचित उचलता आली तर आतली बाजू बघा. बाहेर काळं आणि आत पिवळट म्हणजे रंग वरून चढवलेला. कोरड्या बोटांना लागणारा सिगार मी तरी घेणार नाही.

वासाचं त्याहून सोपं. मादुरोला कोको-कॉफीचा वास असतो, पण पुसट, नाक जवळ नेल्यावर येणारा. दारातच व्हॅनिला आली तर ती बाटलीतली. स्वस्त सुवासिक सिगारमध्ये आत बहुतेक तुकडे आणि भुसा. गुंडाळीही अनेकदा पानाची नसते, तंबाखूच्या चुऱ्याचा लगदा करून काढलेला कागदी ताव असतो. रंग, ग्लिसरीन, इसेन्स, त्यात सगळं खपतं. टोकाचा गोडवा साखरेचा नाहीतर सॅकरिनचा. अपवाद आहेत. ड्रू इस्टेट कंपनीची 'ॲसिड' नावाची सिगार हाताने वळलेली असते, तिची तंबाखू सुगंधी तेलं-वनस्पतींत मुरवतात. पण जुन्या वळणाच्या माणसाला तसलं अत्तर झेपणार नाही, असं माझं मत.

घ्यायचंच तर निकाराग्वाची ऑलिव्हा किंवा डॉमिनिकन आर्तुरो फुएन्ते, साधी, बिनवासाची, आत अख्खी पानं भरलेली. पाच हजारांत पेटी विसरा, मोजकेच नग येतील.

अबोली:
मी दातांची डॉक्टर, म्हणून मध्ये तोंड घालते. खाद्यरंग असो की इसेन्स, त्यावरचं 'फूड ग्रेड' हे खाण्यापुरतं. जाळून त्याचा धूर केला की ते सर्टिफिकेट उरत नाही. लोण्याची चव देणारं डायॲसिटाइल खायला चालतं, पण त्याच्या वाफेने अमेरिकेत पॉपकॉर्नच्या कारखान्यातल्या कामगारांची फुप्फुसं गेली. साखर जळली की ॲसिटाल्डिहाइड तयार होतं. कॅनडाने २००९ मध्ये छोट्या सुवासिक सिगारवर बंदी घातली, कारण पोरं त्यांवरूनच सुरुवात करतात. अमेरिकेनेही २०२२ मध्ये तसा मसुदा आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये गुंडाळून ठेवला.
पण बिनरंगाचा सिगार म्हणजे निरुपद्रवी, असं कृपा करून कोणी लिहू नका. धूर आत घेतला नाही तरी निकोटीन तोंडातूनच रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये पाकीटभर सिगारेटींएवढी तंबाखू असू शकते. तोंड, घसा, अन्ननलिका, तिन्हीला धोका. मामांचं तोंड एकदा तपासून घ्या, भेट म्हणून तेही चालेल.

बोटीवरचा:
ताई, मान्य. वाद नाही.

कुळागर:
दोन गोष्टी राहिल्या. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासह इशारा नसेल तर माल मागच्या दाराने आलेला, आत काय आहे ते कोण सांगणार? आणि पाऊस. सिगारला ६५ ते ७० टक्के आर्द्रता पुरते, आपल्याकडे जुलैत ती ८० च्या वर. कपाटात उघडी ठेवलीत तर बुरशी, शिवाय उकाड्यात तंबाखूतला किडा अंड्यातून निघून बारीक भोकं पाडतो. हवाबंद डबा आणि त्यात ६५ टक्के ओलावा राखणारं बोवेडा पाकीट, बस.

म्हापशेकर:
देव बरें करूं सगळ्यांना. ते काळं आणि ते गोड, दोन्ही बाद. मावसभाऊ दुबईहून मोपा विमानतळावर उतरतोय, त्यालाच साधी ऑलिव्हा आणायला सांगितलीय. अबोलीताई, तपासणीचं मामीच्या कानावर घातलंय, ती नेईल ओढत. सिगारबरोबर अजून काही द्यावं लागतं का?

कुळागर:
कटर द्या, नाहीतर दातांनी तोडतील. आणि पेट्रोलचा लायटर नको, पेटवताना त्याचा वास पानात उतरतो. इसेन्स टाळून शेवटी पेट्रोलचीच चव यायची.