‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे

प्रश्न : ऑफिसच्या मेलमध्ये मी ‘आय हॅड सेंट द फाइल यस्टरडे’ असं लिहिलं. वरिष्ठांनी ‘हॅड’ खोडून नुसतं ‘सेंट’ ठेवलं. मराठीत आपण ‘काल फाइल पाठवली होती’ असंच म्हणतो ना? शाळेतही पूर्ण भूतकाळ म्हणजे ‘हॅड’ असंच शिकवलं होतं. मग चूक कुठे झाली?

उत्तर : वरिष्ठांनी बरोबर केलं. घोळ शाळेतल्या त्या तक्त्यात आहे. एका रकान्यात ‘मी गेलो होतो’, शेजारी ‘आय हॅड गॉन’ आणि वर दोन्हींना एकच नाव, पूर्ण भूतकाळ. नाव एक असलं तरी दोघांचं काम वेगळं आहे, आणि हे मुलांना कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

मराठीतलं ‘होतं’ काय करतं ते आधी बघा. ‘मामा आलेत’ म्हणजे मामा अजून घरात आहेत. ‘मामा आले होते’ म्हणजे आले आणि गेलेसुद्धा. घटना घडली, तिचा परिणाम आता उरलेला नाही, एवढं ‘होते’ सांगतं. त्यासाठी दुसऱ्या कुठल्या घटनेची गरज नाही. कधीकधी तर परिणाम उरला असला तरी नुसती आठवण करून द्यायला आपण ‘होतं’ वापरतो. ‘मी तुम्हाला सांगितलं होतं’, तसंच तुमचं ‘पाठवली होती’.

इंग्रजी ‘हॅड’ एकटं उभं राहत नाही. त्याला भूतकाळातलाच दुसरा एक क्षण लागतो आणि त्या क्षणाच्या आधी काय झालं ते ‘हॅड’ सांगतं. ‘मी ठाण्याला पोचलो तेव्हा लोकल सुटली होती’ इथे ते चपखल बसतं : ‘व्हेन आय रीच्ड ठाणे, द लोकल हॅड लेफ्ट.’ तुमच्या वाक्यात तो दुसरा क्षण नाही, म्हणून वाचणाऱ्याला पुढचं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. ‘आय हॅड सेंट द फाइल बिफोर यू कॉल्ड’ असं लिहिलं असतंत तर कुणीही हात लावला नसता. तिथेही ‘बिफोर’मुळे क्रम उघड होतो, त्यामुळे साधं ‘सेंट’ चालतंच.

शंका : मग ‘पाहुणे कालच आले आहेत’ याचं काय? ‘द गेस्ट्स हॅव कम यस्टरडे’?

उत्तर : नाही. हा दुसरा सापळा, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा चिवट. मराठीत ‘काल’ आणि ‘आहेत’ एका वाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात. इंग्रजीत ‘हॅव’ आलं की संपून गेलेली वेळ सांगायची नाही. ‘यस्टरडे’, ‘लास्ट वीक’, ‘इन २०१९’ यांतलं काही आलं की साधा भूतकाळ. म्हणून ‘द गेस्ट्स केम यस्टरडे’. ते अजून घरात आहेत हे सांगायचं असेल, तर ‘द गेस्ट्स हॅव बीन हिअर सिन्स यस्टरडे’. ‘टुडे’ किंवा ‘धिस वीक’ चालतं, कारण ती वेळ अजून संपलेली नाही.

याच नियमाचा एक पदर मला फार आवडतो. ‘शिवाजी महाराजांनी अनेक किल्ले बांधले आहेत’ हे उत्तम मराठी आहे. त्याचं ‘हॅज बिल्ट मेनी फोर्ट्स’ केलं, तर महाराज आजही किल्ले बांधत असावेत असं इंग्रजी कानाला वाटतं. कर्ता काळाआड गेला असेल आणि बोलणं त्याच्याबद्दल असेल, तर ‘बिल्ट’. सिंधुदुर्गाचं काम १६६४ साली सुरू झालं, हेही ‘बिगॅन इन १६६४’ असंच. पण किल्ला आजही उभा आहे, म्हणून ‘सिंधुदुर्ग हॅज सर्व्हाइव्ह्ड फॉर सेंच्युरीज’ अगदी योग्य.

भर : मी अमेरिकेत असते. इथे ‘डिड यू ईट यट?’, ‘आय ऑलरेडी एट’ असं सर्रास ऐकू येतं. ‘हॅव यू ईटन यट?’ कुणी म्हटलं तरी वावगं वाटत नाही, पण बोलताना साधा भूतकाळ जास्त. मुलीला काय शिकवू?

उत्तर : ताई, तिच्या आजूबाजूला जे बोललं जातं तेच तिला बोलू द्या. ब्रिटिश वळणात ‘यट’, ‘ऑलरेडी’, ‘जस्ट’ यांच्यासोबत ‘हॅव’ घेतात आणि भारतातली पाठ्यपुस्तकं त्याच वळणाची आहेत. म्हणून इथल्या परीक्षेत ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ लिहिलेलं बरं. ‘आय हॅव ईटन यस्टरडे’ मात्र तिकडेही चूक आणि इकडेही.