भंगारातल्या ईसीयूच्या डब्यात ईएसपी३२ बसवायचाय, वायफाय मिळेल का?

सर्किटवेडी:
नमस्कार मंडळी, बागेतला पंप मातीच्या ओलाव्यावर चालू-बंद करायचं सर्किट झालंय, ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड), सेन्सर, एक रिले (पंप चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) आणि छोटा सप्लाय, टेबलावर एकदम व्यवस्थित चालतं. आता डबा हवाय. विकतचे साधे प्लास्टिकचे डबे उन्हात तडकतात, म्हणून भंगारातून तीन वस्तू आणल्यात: गाडीच्या ईसीयूचा (इंजिन सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटचा) अॅल्युमिनियमचा डबा (बाहेरून फिन्स आहेत), कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय), आणि एक अख्खा टेललॅम्प. खरं सांगायचं तर ईसीयूच्या डब्यावर जीव जडलाय, काय सुंदर कास्टिंग आहे ते! पण धातूत वायफाय चालेल का? बाहेर भिंतीवर लावायचाय, पाऊस थेट लागतो.

जुना_सोल्डर:
डोळे झाकून ईसीयूचा घ्या. गाडीची धूळ, पाणी, थरथर सगळं सोसायला बनवलेली वस्तू आहे ती, असा डबा घरी बनवायला गेलात तर जमणार नाही. दोन गोष्टी बघा. मूळ कनेक्टर काढून टाकू नका, नाहीतर ते मोठं भोक बुजवण्यातच जीव जाईल. त्याच्या आतल्या पिनांनाच आपल्या वायरी जोडा आणि वायरिंगकडचा जोडीचा कनेक्टर वीतभर वायरसकट भंगारातूनच कापून आणा. दुसरं म्हणजे डब्याला कुठेतरी गोल पांढरी जाळीसारखी चकती असेल तर ती अजिबात बुजवू नका, तिच्यातून हवा जाते पण पाणी जात नाही. ती बंद केली की उन्हात तापलेल्या डब्यावर पाऊस पडल्यावर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. झाकण परत चिकटवताना न्यूट्रल क्युअरचं सिलिकॉन वापरा, व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातल्या अॅसिडने तांबं खराब होतं.

लहरी_अँटेना:
डबा छान आहे, पण बोर्ड तसाच आत ठेवला तर वायफाय विसरा. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२.५ सेंटिमीटरची, एखादं बारीक भोक पाडून ती बाहेर येत नाही. मॉड्यूल बदला, ईएसपी३२चंच वरूम-३२यू घ्या, त्यावर बाहेरच्या अँटेनासाठी बारीक कनेक्टर असतो, तिथून छोटी केबल काढून डब्याच्या खालच्या बाजूला अँटेना बसवा. टेललॅम्पमधून सिग्नल जाईल असं वाटतं, पण आतला चकचकीत भाग म्हणजे अॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, त्यामागे अँटेना गेली की तिथेही रेंज मार खाते.

फ्यूजबॉक्स:
रिले आणि २३० व्होल्ट पण त्याच डब्यात घालायचा विचार आहे का? तसं असेल तर कृपया थांबा. ईसीयूच्या कनेक्टरमधल्या पिना १२ व्होल्टच्या हिशोबाने जवळजवळ बसवलेल्या असतात, त्यातून मेन्स नेणं म्हणजे आगीला आमंत्रण. आणि एसएमपीएस रिकामा करणार असाल तर प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका, जास्त वॅटचा रेझिस्टर लावून उतरवा, मग मीटरने तपासा, त्याशिवाय आत बोट नको.

सर्किटवेडी:
बरं झालं विचारलं! मग असं करू का, दोन्ही डबे वापरू? एसएमपीएसच्या पत्र्याच्या डब्यात रिले आणि सप्लाय, तो घरात कोरड्या जागी, त्याला मेन्सचं सॉकेट आयतंच आहे. बाहेर ईसीयूच्या डब्यात फक्त ईएसपी आणि सेन्सरची वायर. मध्ये लांब केबल.

फ्यूजबॉक्स:
हेच करा. फक्त पत्र्याच्या डब्याला अर्थ पक्की हवी: रंग घासून चकचकीत पत्रा उघडा करायचा, वायरला गोल लग, खाली दातेरी वॉशर. रंगावरच स्क्रू आवळला तर अर्थ लागेलच याची खात्री नाही. सर्किटखाली प्लास्टिकची शीट, आणि पंपाच्या करंटला पुरेल असाच रिले, मोटर सुरू होताना करंट कितीतरी पटीने वाढतो.

जुना_सोल्डर:
लांब केबलवरून ५ व्होल्ट पाठवू नका हं, वायफाय सुरू होताना ईएसपी एकदम करंट ओढतो, तिकडे व्होल्टेज पडतं आणि बोर्ड सारखा रीसेट होत राहतो. १२ पाठवा आणि ईसीयूच्या डब्यातच छोट्या बक कन्व्हर्टरने उतरवा. झाकण लावायच्या आधी फोटो टाका.